दर्यावरची धर्मशाळा



करवीरनगरींत बसून समुद्राविषयीं बोलणें हें आपणांपैकीं कित्येकांस थोडें चमत्कारिक वाटेल. पंचगंगेचें पात्र आणि रंकाळ्याचें पाणी यांपलीकडे जलविस्तार असा रोज आपल्या दृष्टीस पडत नाहीं. समुद्र पाहावयाचा तर फोंड्याचा किंवा करूळचा घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याकडे जावें लागतें. परंतु ज्या सिंधुदुर्गाचा पाया शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर घातला, तो किल्ला व तें बंदर अठराव्या शतकांत कोल्हापूरच्या गादीच्या अंमलाखालीं होतें, हें आपण विसरून गेलों आहों. १८१२ च्या तहानें मालवण इंग्रजांकडे गेलें आणि त्या दिवसापासून कोल्हापूरचें राज्य खऱ्या अर्थानें घाटावरचें झालें. तेव्हां समुद्र हा आपल्याला परका नाहीं. फार दिवसांपूर्वीं दुरावलेला आप्त आहे, असें म्हणणें अधिक योग्य होईल.

आज मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहें तो प्रवास गोव्याहून निघाला व गोव्यासच संपला. भारतीय आरमाराची ‘तारिणी’ नांवाची शिडाची नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजीं मांडवीच्या मुखांतून बाहेर पडली, ती सबंध पृथ्वीस वळसा घालून २९ मे २०२५ रोजीं मुरगांव बंदरांत परत आली. नौकेवर माणसें किती, तर अवघीं दोन. आणि तीं दोन्ही स्त्रिया. केरळच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या लेफ्टनंट कमांडर रूपा ए. सुमारें पंचवीस हजार सागरी मैलांच्या या मार्गांत त्या चारच ठिकाणीं थांबल्या. ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन आणि आफ्रिकेंतील केपटाऊन हीं तीन बंदरें आपल्या ऐकिवांत तरी असतील. चौथें ठिकाण म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागरांतील फॉकलंड बेटावरचें पोर्ट स्टॅन्ले. या चौथ्या मुक्कामाविषयींच मला मुख्यतः बोलावयाचें आहे.

नौका ही वाऱ्यावर चालते आणि तिची कीर्ति मैलांवर मोजली जाते. असें असतां वाटेंतल्या एखाद्या ओसाड बेटावर नांगर टाकणें हें त्या पराक्रमांतील न्यून समजावयाचें कीं त्याचेंच एक अंग समजावयाचें, हा प्रश्न दर्यावर्दी मंडळींत नेहमीं निघतो. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं ही नौका कोठें व कशी जन्मास आली हें सांगितलें पाहिजे. कारण त्यांत आपल्या भागांतील माणसांचा वाटा फार मोठा आहे.

फलटणजवळ विंचुर्णी नांवाचें एक खेडें आहे. १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तेथें राहत असत. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या या गृहस्थांच्या मनानें एक गोष्ट घेतली: भारतीय माणसानें, भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी. आरमारानें ती कल्पना उचलली आणि कमांडर दिलीप दोंदे हे त्यासाठीं पुढें आले. नौका बांधण्याचें काम गोव्यांतील दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर यांनीं पत्करलें.

दिवाडी हें मांडवीच्या पात्रांतलें बेट. जुन्या गोव्याहून तेथें जावयाचें तर फेरीबोटींतूनच जावें लागतें. त्याच्या पलीकडच्या तीरावर नार्वें येथें सप्तकोटेश्वराचें देऊळ आहे. देवाचें मूळ स्थान दिवाडीसच होतें. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ सालीं शिवाजी महाराजांनीं करविला. अशा या बेटावर ५६ फूट लांबीची ‘म्हादेई’ तयार झाली व २००९ सालीं पाण्यांत उतरली. दोंदे यांनीं तीच नौका घेऊन ऑगस्ट २००९ मध्यें मुंबई सोडली आणि मे २०१० मध्यें ते एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परत आले. त्यांच्या मागोमाग त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें निघून २०१३ च्या मार्चअखेर कोठेंही न थांबतां ती प्रदक्षिणा पुरी केली. पुढें दांडेकरांच्याच कारखान्यांत ‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ बांधली गेली. २०१७-१८ सालीं वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकाऱ्यांनीं तींतून जगप्रवास केला. सहांच्या जागीं दोघी, हा त्यापुढचा टप्पा होता. आणि त्या दोघींना शिकविणारे गुरु होते टॉमी.

सहांच्या जागीं दोघी म्हणजे काय, हें घरांत बसून लक्षांत येणें कठीण आहे. शिडाची नौका रात्रीं धर्मशाळेंत उतरत नाहीं. ती अहोरात्र चालूच असते. सहा माणसें असलीं म्हणजे पाळ्या लागतात आणि झोंप मिळते. दोघी असल्या म्हणजे एक जागी असतां दुसरीनें निजावयाचें, आणि वारा बदलला, शीड फाटलें, दोर तुटला कीं निजलेलीनेंही उठावयाचें. एकटा दर्यावर्दी असतो त्याला भांडावयास तरी कोणी नसतें; दोघांना महिनेच्या महिने एका लहानशा खोलीएवढ्या जागेंत एकमेकांचा स्वभाव सांभाळावा लागतो. संसार करणाऱ्या श्रोत्यांस हें कलम अधिक विस्तारानें सांगण्याची आवश्यकता नाहीं!

४ जानेवारी २०२५ रोजीं लिटलटन सोडल्यावर ‘तारिणी’पुढें जो पल्ला होता तो सबंध प्रवासांतील सर्वांत लांबचा आणि सर्वांत अवघड. सुमारें साडेपांच हजार सागरी मैल केवळ पाणी. जानेवारीअखेर त्या दोघींनीं ‘निमो बिंदु’ ओलांडला. सबंध पृथ्वीवर जमिनीपासून सर्वांत दूर असें हें समुद्रांतील ठिकाण होय. कोणत्याही दिशेनें गेलें तरी जवळांत जवळचा खडक सुमारें २,६८८ किलोमीटरवर. त्या ठिकाणीं असलेल्या नाविकाला सर्वांत निकटचीं माणसें पुष्कळदां भूमीवर नसतात. ती डोक्यावरून चारशें किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकांतील माणसें असतात. त्या स्थळाच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यांनीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठीं जपून ठेवले.

तेथून पुढें केप हॉर्न. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं असलेलें हें भूशिर १६१६ सालीं डच खलाशांनीं प्रथम वळसा घालून ओलांडलें आणि आपल्या हूर्न या गांवाचें नांव त्यास दिलें. तें इतकें कुप्रसिद्ध कां झालें याचें कारण नकाशांत स्पष्ट दिसतें. चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या खालीं पृथ्वीभोंवतीं जवळजवळ अखंड पाणी आहे. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यास अडविणारें मोठें भूखंडच तेथें नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना ‘गर्जणारे चाळीस’ म्हणतात ते हेच वारे. हा सारा वारा आणि त्यानें उठविलेल्या लाटा हॉर्न व अंटार्क्टिका यांमधील चिंचोळ्या मार्गांतून एकदम घुसतात. त्यांतच भूशिराजवळ समुद्रतळ उंचावतो, त्यामुळें लाटा आंखूड व उभ्या होतात. फेब्रुवारीच्या मध्यास ‘तारिणी’ तेथून पार झाली, आणि त्यानंतर सुमारें चारशें सागरी मैल ईशान्येकडे जाऊन तिनें पोर्ट स्टॅन्लेचा आसरा घेतला. दीड महिन्यानंतर पायांखालीं जमीन आली.

या ‘आसरा’ शब्दाचा अर्थ नीट कळावा म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगतों. मायल्स स्मीटन हे ब्रिटिश अमदानींतील हिंदी सैन्यांतून निवृत्त झालेले ब्रिगेडियर. बेरिल ही त्यांची पत्नी. उतारवयाकडे झुकलेल्या या दांपत्यानें ‘त्झू हांग’ नांवाच्या ४६ फुटी शिडाच्या नौकेस आपलें घर केलें होतें. १९५६ च्या अखेरीस त्यांनीं मेलबोर्न सोडलें. बरोबर जॉन गझवेल हा तरुण मित्र आणि एक सयामी मांजर. मनांतला बेत असा कीं, हॉर्नला वळसा घालून पहिला मुक्काम करावा तो पोर्ट स्टॅन्लेस. १४ फेब्रुवारी १९५७ रोजीं बेरिलबाई सुकाणूं धरून बसल्या असतां मागून एक प्रचंड लाट आली आणि तिनें ती सबंध नौका नाळेवरून उलटी फेंकून दिली. बाई समुद्रांत दूर भिरकावल्या गेल्या, डोलकाठ्या मोडल्या, छताला भगदाड पडून आंत पाणी भरलें. जखमी असतांही त्या पोहत नौकेपर्यंत आल्या. पुरुषांनीं त्यांना ओढून वर घेतलें आणि पुढचे कित्येक तास तिघांनीं मिळून पाणी उपसलें. गझवेल हा कुशल सुतार होता. त्यानें मोडक्या सामानांतून काठी उभी केली आणि ती नौका कशीबशी चिलीच्या किनाऱ्यास लागली. मांजरही वांचलें.

पुष्कळांनीं एवढ्यावर हात जोडले असते. या दोघांनीं चिलींत नौका दुरुस्त करून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुनः प्रयत्न केला, आणि या खेपेस दोघेंच असतां ती नौका पुनः वादळांत लोळली, पुनः काठ्या मोडल्या, पुनः माघार घ्यावी लागली. शेवटीं डिसेंबर १९६८ मध्यें, पहिल्या प्रयत्नानंतर सुमारें बारा वर्षांनीं, त्यांनीं उलट दिशेनें हॉर्न ओलांडलें. ज्या बेटावर पोंचण्यासाठीं माणसांना असें मोल द्यावें लागतें, त्या बेटाचें महत्त्व त्याच्या क्षेत्रफळावरून ठरवितां येणार नाहीं.

आतां त्या बेटाकडे वळूं. फॉकलंड हें एक बेट नसून दोन मोठ्या व शेंकडों लहान बेटांचा समूह आहे. सगळ्यांचें मिळून क्षेत्रफळ सुमारें बारा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दीडपटीहून कांहीं अधिक. वस्ती मात्र साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बेताच्या खेड्याएवढी. आणि तींतील बहुतेक माणसें पोर्ट स्टॅन्ले या एकाच गांवीं राहतात. मेंढ्या माणशीं शंभराहून अधिक. मूळचें झाड असें तेथें एकही नाहीं. वारा झाडास उभें राहूं देत नाहीं. जळण म्हणून लोक पूर्वीं दलदलींतील ‘पीट’ नांवाची माती विटांसारखी कापून काढीत, आपण गोवऱ्या वाळवितों तशी वाळवीत आणि चुलींत घालीत. गांवांत १८९२ सालीं प्रतिष्ठापना झालेलें एक मोठें ख्रिस्तमंदिर आहे, आणि त्याच्या शेजारीं दोन निळ्या देवमाशांच्या जबड्यांच्या हाडांची १९३३ सालीं उभारलेली कमान आहे. आपल्या देवळापुढें दगडी कमान असते, तेथें हाडांची. ज्या मुलखांत जें मिळतें त्याचेंच तोरण होतें. पेंग्विन पक्ष्यांच्या पांच जाती त्या किनाऱ्यांवर पिलें वाढवितात.

बेटांचें दुसरें नांव ऐकून मालवणकर श्रोत्यांचे कान टवकारतील. स्पॅनिश भाषेंत त्यांना ‘माल्विनास’ म्हणतात. अर्थात् मालवणाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. १७६४ सालीं बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्यानें तेथें पहिली वसाहत केली. सेंट मालो बंदरांतून आलेल्या लोकांमुळें बेटांना ‘मालुईन’ हें नांव पडलें आणि त्याचें स्पॅनिश रूप माल्विनास झालें. याच बूगँव्हिलनें पुढें जगप्रदक्षिणेसाठीं जी मोहीम काढली तींत झान बारे नांवाची एक स्त्री पुरुषवेष घेऊन वनस्पतिशास्त्रज्ञाची चाकर म्हणून चढली होती. स्त्रीला जहाजावर घेण्यास त्या काळीं बंदी होती. वाटेंत तिचें खरें रूप उघडकीस आलें. तथापि अनेक वर्षांनीं फ्रान्सला परतून ती पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. एकीला वेष पालटून जावें लागलें. दुसऱ्या दोघी गणवेष घालून, संरक्षणमंत्र्यांचें स्वागत स्वीकारीत परत आल्या. या दोन घटनांमध्यें अडीचशें वर्षें गेलीं. प्रगति होते, पण ती किती सावकाश होते, हेंही यावरून समजतें.

पोर्ट स्टॅन्लेला १८४५ सालीं बेटांच्या राजधानीचा मान मिळाला आणि लौकरच कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. हजारों जहाजें हॉर्नला वळसा घालून धांवूं लागलीं; आणि ज्यांच्या काठ्या मोडल्या, ज्यांना भोंकें पडलीं, ज्यांचे खलाशी हिमानें काळेनिळे झाले, तीं लंगडत लंगडत स्टॅन्लेच्या खाडींत येऊं लागलीं. बेटाला तोच धंदा झाला. ही धर्मशाळा कांहीं धर्मार्थ चालत नव्हती, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दुरुस्तीचे दर एवढे भरमसाट असत कीं, कित्येक मालकांनीं जहाज तेथेंच सोडून देणें पसंत केलें. अशीं सोडलेलीं जहाजें खाडींत रांगेनें रुतून राहिलीं, आणि गांवकऱ्यांनीं त्यांचा कोठारें व धक्के म्हणून उपयोग केला.

त्यांतल्या एका जहाजाचें नांव ‘झेलम’. पंजाब ज्या १८४९ सालीं इंग्रजांनीं घेतला त्याच सालीं लिव्हरपूल येथें तें बांधलें गेलें. १८७० सालीं पेरूहून पक्ष्यांच्या विष्ठेचें खत घेऊन जात असतां तें गळूं लागलें. स्टॅन्लेस आल्यावर खलाशांनीं पुढें जाण्याचें साफ नाकारलें. पंजाबच्या नदीचें नांव धारण करणारें तें लांकूड शंभरांहून अधिक वर्षें त्या थंड चिखलांत उभें होतें; अलीकडच्या वादळांनीं त्याचा बराच भाग ढासळला. दुसरें नांव ‘ग्रेट ब्रिटन’ या विख्यात लोखंडी जहाजाचें. १८८६ सालीं हॉर्नपाशीं मार खाऊन तें येथें आलें, पन्नास वर्षें कोठार म्हणून वापरलें गेलें, १९३७ सालीं जवळच्या एका खाडींत बुडविलें गेलें आणि १९७० सालीं वर काढून त्याच्या जन्मस्थानीं, ब्रिस्टलला ओढून नेण्यांत आलें. १९१४ सालीं पनामाचा कालवा उघडला आणि हॉर्नची वाट ओस पडली. स्टॅन्लेचें जुनें उत्पन्न गेलें. राहिले ते मोडकीं जहाजें, मेंढ्या आणि वारा. अलीकडच्या काळांत मासेमारीच्या परवान्यांनीं बेटाला पुनः बरे दिवस आले आहेत.

या बेटाच्या नशिबीं एक युद्धही आलें. २ एप्रिल १९८२ रोजीं अर्जेंटिनानें तीं बेटें घेतलीं आणि १४ जून रोजीं ब्रिटननें परत जिंकलीं. ज्या वेळीं बेटांची लोकसंख्या अवघी अठराशेंच्या आसपास होती, त्या वेळीं त्यांच्या स्वामित्वासाठीं ६४९ अर्जेंटिनी व २५५ ब्रिटिश सैनिक आणि तीन बेटवासी स्त्रिया मृत्युमुखीं पडल्या. दोन रहिवाशांमागें एक मृत्यु, असा हा हिशेब आहे. युद्धांत पेरलेले सुरुंग पुढें अडतीस वर्षें वाळूंत राहिले. तारेचें कुंपण घालून माणसांना तेथें मज्जाव केला होता; पेंग्विन मात्र इतके हलके कीं त्यांच्या पायांनीं सुरुंग उडत नसत, म्हणून त्या मृत्यूच्या शेतांत ते निर्वेधपणें नांदत राहिले. शेवटचे सुरुंग २०२० सालीं निघाले. अर्जेंटिनाचा हक्क अद्याप मावळलेला नाहीं. तथापि २०१३ सालच्या मतदानांत बेटवासीयांपैकीं फक्त तिघांनीं ब्रिटिश सत्तेविरुद्ध मत दिलें.

बेटाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आपणांस येथें आढळतात. सरकारें बेटाकडे मालमत्ता म्हणून पाहतात. खलाशी त्याकडे आसरा म्हणून पाहतो. बेट कोणाचें हा प्रश्न नकाशावर सुटतो किंवा सुटत नाहीं. परंतु डोलकाठी मोडलेल्या नौकेस तेथें धक्का आहे का, गोडें पाणी आहे का, जखम बांधणारा वैद्य आहे का, हे प्रश्न लाटांमध्यें क्षणोक्षणीं जिवंत असतात. अशा मुक्कामांत नाविक काय करतो? काठीच्या टोंकावर चढून प्रत्येक खिळा-दोरा तपासतो, शिडांना टांके घालतो, शिधा भरतो, ताजी भाजी खातो, आणि दोन महिन्यांत प्रथमच न हलणाऱ्या अंथरुणावर निजतो. यांत काव्य फारसें नाहीं. पण ‘तारिणी’ स्टॅन्लेहून निघाल्यावर तिला अटलांटिक ओलांडून केपटाऊन गांठावयाचें होतें. त्या महिनाभराच्या प्रवासाची सुरक्षितता या चार साध्या कामांवर अवलंबून होती.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. न थांबतां जाणारा श्रेष्ठ कीं थांबत जाणारा? टॉमी यांनीं न थांबतां प्रदक्षिणा केली ही गोष्ट असामान्य आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्यांच्याच चरित्रांत याचें दुसरें अंगही आहे. सप्टेंबर २०१८ मध्यें जागतिक शर्यतींत भाग घेतला असतां हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें त्यांच्या ‘थुरिया’ नौकेच्या काठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्यास गंभीर इजा झाली. ही नौकाही दांडेकरांच्या दिवाडीसच बांधलेली. तीन दिवस ते हलूं न शकतां पडून होते. मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या एका फ्रेंच जहाजानें त्यांना उचललें आणि नेलें तें ॲम्स्टरडॅम नांवाच्या एका चिमुकल्या बेटावर. संशोधकांच्या लहानशा वसाहतीखेरीज तेथें मनुष्यवस्ती नाहीं; पण डॉक्टर होता. तेथून आरमाराच्या ‘सातपुडा’ जहाजानें त्यांना घरीं आणलें. जो माणूस कोठेंही न थांबतां पृथ्वी फिरला, त्याचाही जीव एका अनोळखी बेटानें राखला. साडेचार वर्षांनीं, २०२३ सालीं, त्याच शर्यतींत ते दुसरे आले. आणि पहिली आली ती कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची एकटी स्त्री. तिनेंही वाटेंत आपला मार्ग सोडून, बुडालेल्या नौकेच्या एका फिनलंडवासी स्पर्धकास समुद्रांतून वांचविलें होतें.

म्हणून मला असें वाटतें कीं, थांबणें आणि न थांबणें यांत श्रेष्ठ-कनिष्ठ पाहूं नये. थांबण्याची जागा आहे, या भरंवशावरच न थांबणारा निघतो. वारीला जाणारा मनुष्य आपल्या पायांनीं चालतो हें खरें. पण वाटेवरच्या गांवांनीं पाणी ठेवलें नाहीं तर वारी पुरी होत नाहीं. त्या गांवांची नांवें कोणी अभंगांत घालीत नाहीं, एवढेंच.

आपल्या पुढें यांतून दोन गोष्टी येतात. एक अशी कीं, घाटाखालीं आपला स्वतःचा किनारा आहे. त्यावर खाड्या आहेत, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर दीपगृह आहे, वादळांत मचवे ज्यांच्या आड येऊन राहतात असे दांडे आहेत. पर्यटनाच्या हिशेबांत त्यांची किंमत कमी असेल. ज्या तांडेलाचें गलबत काळोखांत भरकटलें आहे त्याच्या हिशेबांत ती फार मोठी आहे. तेव्हां लहान बंदराचा गाळ काढणें, दिवा पेटता ठेवणें, धक्का दुरुस्त ठेवणें हीं कामें क्षुद्र समजूं नयेत.

दुसरी गोष्ट आपल्या घरांतील मुलींविषयीं आहे. दिलना आणि रूपा या दर्यावर्दी घराण्यांत जन्मल्या म्हणून समुद्रावर गेल्या असें नव्हे; आरमारांत दाखल झाल्यावर त्यांनीं ही विद्या परिश्रमानें मिळविली, मॉरिशसपर्यंत दोघींनींच जाऊन ती पारखून घेतली, आणि मग पृथ्वीचा वळसा घेतला. कोल्हापूरच्या एखाद्या मुलीनें असा हट्ट धरला तर ‘आपल्याकडे समुद्र कोठें आहे?’ असें उत्तर तिला मिळूं नये. विंचुर्णीस समुद्र नव्हता. तरी ही सारी कल्पना तेथल्या एका घरांतून निघाली. समुद्र जवळ असणें हें निमित्त आहे. तो मनांत असावा लागतो.

जगाच्या नकाशावर फॉकलंड हा एक ठिपका आहे. दिवाडी तर ठिपक्याएवढीही नाहीं. एका ठिपक्यावर नौका जन्मली आणि दुसऱ्या ठिपक्यानें तिला दीड महिन्याच्या वादळवाऱ्यांनंतर विसांवा दिला. स्थान लहान असून चालतें. तें वाटेवर असलें आणि त्याचें दार उघडें असलें म्हणजे झालें. माणसाचेंही तसेंच आहे, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.